निपानियातला फ्लॅट, भाडेकरू आणि मधली एजन्सी: एका वर्षाचा हिशोब

घर भाड्याने द्यावे की देऊ नये, हा प्रश्न आमच्या घरी दीड वर्ष रेंगाळला होता. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून २०१९ मध्ये इंदूरच्या निपानियातील एका मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, तो मुलगा इंदूरलाच स्थिरावेल या हिशेबाने. तो पुण्याला गेला, तिथेच रमला, आणि फ्लॅटला कुलूप लागले. आम्ही उभयता सुदामानगरला राहतो. निपानिया म्हणजे शहराचे दुसरे टोक, रिंगरोडने गेले तरी पाऊण तास मोडतो. महिन्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडायच्या, नळ सोडून पाहायचे, मेंटेनन्सचे २,२०० रुपये भरायचे आणि परत यायचे, असे चौदा महिने चालले. शेवटी घर भाड्याने देऊन त्याची संपूर्ण देखरेख करणाऱ्या एका एजन्सीकडे एका वर्षासाठी हे काम सोपवले. त्या सेवेचा हा अनुभव आहे. एजन्सीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्याशी असलेला एक बारीकसा वाद अजून मिटलेला नाही, आणि अशाच धाटणीच्या अटी असलेल्या संस्था आता शहरात बऱ्याच झाल्या आहेत. नावापेक्षा अटी वाचणे अधिक उपयोगाचे.

अटी विजयनगरमधील त्यांच्या कार्यालयात चहा पाजून समजावून सांगण्यात आल्या. भाडेकरू मिळवून दिल्याबद्दल अर्ध्या महिन्याचे भाडे, त्यानंतर दरमहा भाड्याच्या ८ टक्के देखरेख शुल्क, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. त्या मोबदल्यात फोटो काढणे, जाहिरात, घर दाखवणे, भाडेकरूची चौकशी, करारनामा, पोलिसांकडे नोंद, भाडेवसुली, दुरुस्त्या आणि घर सोडतेवेळचा हिशोब, हे सगळे त्यांनी पाहायचे होते. ‘तुम्हाला फक्त खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज पाहायचा आहे,’ हे त्यांचे वाक्य सौ.ला फार आवडले. मला ते ऐकताच थोडी शंका आली होती, पण मास्तरकीची सवय म्हणून ती शंका मी स्वतःच्याच स्वभावावर ढकलली.

पहिला अपेक्षाभंग भाड्याच्या रकमेचा. एजन्सीने १९,००० रुपयांचा अंदाज दिला होता, त्या आकड्यावर पूर्ण मे महिना घर रिकामे राहिले आणि शेवटी जून २०२४ पासून १६,००० वर सौदा झाला. एजन्सीच्या अंदाजात एक साधी गोष्ट बसली नव्हती: आमच्या मल्टीत नर्मदेची लाइन नाही. जलूदहून उचलून आणलेले नर्मदेचे पाणी इंदुरात बहुतेक ठिकाणी एक दिवसाआड येते, तरीही ते येते की नाही यावर घराचे भाडे ठरते, हे इथल्या कोणत्याही जुन्या दलालाला तोंडपाठ असते. बोअरिंगवर चालणाऱ्या मल्टीत एप्रिल-मेमध्ये टँकर बोलवावे लागतात आणि घर पाहायला आलेला माणूस सर्वांत आधी वॉचमनला तेच विचारतो. मीही नंतर त्याच वॉचमनला विचारले. त्याने इमारतीतील बाकी फ्लॅटची भाडी मजल्यासकट सांगितली, आणि ती १५ ते १६ हजारांच्या दरम्यानच निघाली. हा प्रश्न मी एजन्सीकडे जाण्याआधी विचारला असता, तर एक महिन्याचे भाडे वाचले असते.

आता जे चांगले झाले ते मोकळ्या मनाने सांगायला हवे. भाडेकरू मिळाले ते उत्तम. सुपर कॉरिडॉरवरील एका कंपनीत काम करणारे तरुण दांपत्य, मूळचे सागरकडचे. त्यांच्या पगाराच्या पावत्या, कंपनीचे ओळखपत्र आणि आधीच्या घरमालकाचा अभिप्राय एजन्सीने मिळवला होता. हे मी स्वतः संकोचापोटी कधीच मागितले नसते. भाडे अकराही महिने मिळाले, दोनदा सातऐवजी नऊ तारखेला, बाकी वेळेवर. मध्ये कोणी नसते तर सणावाराला ‘या महिन्यात जरा सांभाळून घ्या’ अशी विनंती झाली असती आणि आम्ही ती मान्यही केली असती; एजन्सीच्या कोरड्या मेसेजने तो प्रसंगच आला नाही. परक्याकडून पैसे मागण्याचे अवघडलेपण दुसऱ्याने वाहणे, याला काही किंमत आहे आणि ती द्यायला माझी हरकत नाही.

त्याहूनही मला भावले ते घर ताब्यात देण्याच्या दिवशीचे काम. त्यांचा एक विशी-बाविशीचा मुलगा आला, बूट बाहेर काढून आत शिरला आणि दोन तास घर नुसते पाहत होता. प्रत्येक नळ उघडला, प्रत्येक बटण दाबले, विजेच्या मीटरचे रीडिंग तारखेसह टिपले, ओट्याच्या कडेचा एक टवका उडाला होता त्यापुढे पट्टी धरून फोटो काढला, सिंकखाली वाकून पाइपच्या सांध्याला बोट लावून ओल आहे का ते पाहिले. असे चौसष्ट फोटो काढून त्यांच्यासह सामानाची यादी केली आणि तिच्यावर माझी व भाडेकरूची सही घेतली. ‘हा टवका आमच्या आधीचा की तुमच्या नंतरचा’ या एका प्रश्नावरून मालक आणि भाडेकरू यांचे किती संबंध बिघडतात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या यादीचे मोल सांगायला नको. घर एजन्सीमार्फत द्या वा स्वतः द्या, ही यादी मात्र अवश्य करा.

करारनाम्याच्या बाबतीत मात्र त्यांनी कमाल केली. अकरा महिन्यांचा मसुदा ईमेलवर आला, तो मी नेहमीच्या सवयीने पेन्सिल घेऊन वाचला, तर चौथ्या पानावर ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ असा उल्लेख. एजन्सीचे मुख्य कार्यालय परराज्यात आहे आणि मसुदा सगळ्या शहरांना एकच. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार मुदत कितीही असली तरी नोंदवावा लागतो आणि मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची तिथली तरतूदही निराळी आहे. इंदुरात तो कायदा लागूच नाही. इथे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ चालतो. ही चूक दाखवल्यावर कार्यालयातील मुलीने ‘सर, आजपर्यंत कोणी एवढे वाचले नाही’ असे उत्तर दिले. ते कौतुक होते की तक्रार, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

इथे थोडे थांबून सांगतो, कारण घरमालक व्हावे की नाही याचा विचार करणाऱ्याने एजन्सीच्या टक्केवारीपेक्षा हा भाग आधी समजून घ्यावा. अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे पडली, कारण एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची आहे. अकरा महिने झाले की भाडेकरू आपोआप निघून जाईल, असा त्या आकड्यात काही मंत्र नाही. १९६१ च्या आपल्या कायद्यात मुदत संपल्यावरही ताब्यात राहिलेला माणूस भाडेकरूच मानला जातो, आणि त्याला घराबाहेर काढायचे तर कलम १२ मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादे सिद्ध करावे लागते. थकबाकीची मागणी करणारी नोटीस मिळून दोन महिन्यांत भाडे न भरणे, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, मालकाला स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या राहण्यासाठी खरोखर जागेची गरज असणे, ही त्यातली नेहमीची कारणे. मात्र १९८३ मध्ये याच कायद्यात एक स्वतंत्र प्रकरण घातले गेले, त्याप्रमाणे निवृत्त सरकारी कर्मचारी, सैन्यदलातून निवृत्त झालेले, विधवा, घटस्फोटिता आणि अपंग मालक यांना स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी असल्यास दिवाणी दाव्याऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो, आणि भाडेकरूला विरोध करण्यासाठीसुद्धा आधी अनुमती घ्यावी लागते. मी शासकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेलो असल्याने या वर्गात मोडतो. आमच्या गल्लीतील एका वकील स्नेह्यांनी हे सांगितले नसते, तर मला ते कळलेही नसते. ८ टक्के घेणाऱ्या एजन्सीला त्याची गंधवार्ता नव्हती. करारनामा शेवटी त्या स्नेह्यांनीच नव्याने लिहून दिला आणि फी म्हणून फक्त श्रीखंडाचा डबा घेतला.

पोलिसांकडील नोंदीचा प्रकार त्याहून गमतीचा. डिसेंबर २०२१ पासून इंदुरात पोलीस आयुक्तालय आहे आणि भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्याचे आदेश मालकांसाठी निघत असतात. न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली, म्हणजे जुन्या १८८ खाली, मालकावर गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. लक्षात घ्यावे की जबाबदारी मालकाची आहे, एजन्सीची नाही. त्यांच्या ॲपवर या कामापुढे पहिल्याच आठवड्यात हिरवी खूण उमटली. मी पावती मागितली तेव्हा असे कळले की अर्ज ‘भरून तयार’ आहे, दिलेला नाही. हिरवी खूण अर्ज भरल्याची होती! शेवटी मीच भाडेकरूंना सोबत घेऊन ठाण्यात गेलो, अर्ध्या तासात काम झाले आणि परतीच्या वाटेवर आम्ही तिघांनी पोहे-जिलबी खाल्ली. त्या अर्ध्या तासाने आमची ओळख झाली ती पुढे वर्षभर उपयोगी पडली, त्यामुळे या चुकीबद्दल माझा राग फारसा नाही.

ऑगस्टमधल्या ओलीबद्दल मात्र आहे. खालच्या मजल्यावरील गृहस्थांचा फोन आला, ‘भाईसाहब, आपके बाथरूम का पानी हमारे मंदिर के ऊपर टपक रहा है।’ फोन मला आला, एजन्सीला नाही. शेजाऱ्यांच्या दृष्टीने घरमालक मीच, मधे कितीही ॲप असोत. मी तक्रार नोंदवली, दुसऱ्या दिवशी त्यांचा प्लंबर आला, फरशीच्या फटीत पांढरे सिमेंट भरून गेला आणि ॲपवर ‘निराकरण झाले’ असे उमटले. चार दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा तोच प्लंबर, तेच पांढरे सिमेंट, तेच निराकरण. दर फेरीचे ९०० रुपये भाड्यातून कापले गेले, कारण एजन्सीशी केलेल्या करारात दोन हजारांपर्यंतच्या दुरुस्तीला मालकाची परवानगी लागणार नाही असे कलम होते. ते वाचताना मला सोयीचे वाटले होते. प्रत्यक्षात त्या कलमाचा अर्थ असा होतो की दोन हजारांच्या आतली दुरुस्ती नीट झाली की नाही हे कोणीच तपासत नाही.

तिसऱ्या वेळी मी सुदामानगरातील आमच्या जुन्या प्लंबरला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेलो. त्याने नाहणीच्या जाळीत फडक्याचा बोळा घट्ट बसवला, बाथरूममध्ये दोन बोटे पाणी साठवले आणि अर्धा तास आम्ही खाली त्या गृहस्थांच्या देवघरात छताकडे पाहत बसलो. एक थेंब पडला नाही. मग तो वर जाऊन बोळा काढून आला, आणि दोन मिनिटांत छताला थेंब धरू लागले. म्हणजे फरशी निर्दोष होती. दोष नाहणीखालच्या ट्रॅपच्या सांध्यात होता, आणि फरशीच्या फटीत कितीही सिमेंट भरले असते तरी तो मिटणार नव्हता. चार फरशा काढून ट्रॅप बदलला, ३,८०० रुपये लागले, त्यानंतर आजतागायत तक्रार नाही. एजन्सीच्या प्लंबरलाही हे कळत असणार; पण त्याला फेरीमागे पैसे मिळतात आणि अर्धा तास छताकडे पाहत बसण्याचे कोणी देत नाही.

आता हिशोब. अकरा महिन्यांचे भाडे १,७६,००० रुपये आले. देखरेख शुल्क जीएसटीसह १६,६१४, भाडेकरू मिळवून देण्याचे ९,४४०, बारा महिन्यांचा मेंटेनन्स २६,४००, नगर निगमचा मालमत्ता कर आणि इतर आकार ६,५००, आणि रंग, ट्रॅप, प्लंबरच्या त्या दोन फेऱ्या व गीझरचे काम मिळून २२,०००. एकूण खर्च ८०,९५४. हाती राहिले ९५,०४६. आमच्याच मल्टीतला तसाच फ्लॅट नुकताच ४८ लाखांना विकला गेला, त्या किमतीवर हा परतावा दोन टक्क्यांनाही जेमतेम टेकतो. तोही प्राप्तिकराच्या आधी. प्राप्तिकरात भाड्यातून मालकाने भरलेला नगर निगमचा कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. घरावर कर्ज असल्यास व्याजाचा वेगळा विचार होतो. परंतु एजन्सीचे शुल्क, दलाली, रंगकाम यांची वेगळी वजावट नाही, ते सगळे त्या ३० टक्क्यांत आले असे कायदा धरून चालतो. ज्या वर्षी खर्च कमी त्या वर्षी ही वजावट फायद्याची, ज्या वर्षी आमच्यासारखा नळ-गीझर निघेल त्या वर्षी तोट्याची.

९५ हजारांचा हा आकडा पाहून मुलाने पुण्याहून फोनवर ‘बाबा, विकून टाका, मुदत ठेवीतही याच्या तिप्पट येतील’ असे सांगितले, आणि त्याचे गणित चुकीचे नाही. परंतु घर भाड्याने द्यावे का, या एका प्रश्नात दोन निराळे प्रश्न लपलेले असतात आणि आम्ही दीड वर्ष त्यांची गल्लत करत होतो. विकायचे की ठेवायचे, हा एक प्रश्न. ठेवायचे ठरले तर बंद ठेवायचे की भाड्याने द्यायचे, हा दुसरा. पहिल्यात भाड्याचा वाटा फार थोडा आहे. तिथे जमिनीचे भाव कुठे जातील, मुलगा परत येईल का आणि विक्रीच्या नफ्यावर कर किती बसेल, हेच ठरवणारे मुद्दे. दुसऱ्या प्रश्नात तुलना मुदत ठेवीशी नसून कुलपाशी करायची असते. बंद घरावर आमचे वर्षाला ३२,९०० रुपये जातच होते. २०१९-२० पासून दोन घरांपर्यंत स्वतःच्या वापरातले म्हणून काल्पनिक भाड्यावर, म्हणजे घर दिले असते तर आले असते त्या भाड्यावर, कर लागत नाही एवढाच काय तो दिलासा. त्या कुलपाच्या तुलनेत भाड्याने देण्याचा फरक एका वर्षात १,२७,९४६ रुपयांचा पडला. सौ.चे म्हणणे आहे की मुलगा चाळिशीपर्यंत परत येईल, म्हणून विकायचे नाही. ते एकदा मान्य केले की माझ्यापुरता दुसऱ्या प्रश्नाचा निकाल या आकड्याने लागला, आणि आम्ही घरमालक झालो.

उरला प्रश्न एजन्सीचा. एप्रिल २०२५ मध्ये मुदत संपली तेव्हा त्यांच्याशी करार पुढे चालवायचा नाही असे आम्ही ठरवले. भाडेकरूंनाही आमच्याशी थेट व्यवहार हवा होता, त्यामुळे भाडे १६,००० वरच ठेवले. तेव्हा करारातले शेवटच्या पानावरचे कलम बाहेर आले: एजन्सीने आणलेल्या भाडेकरूला बारा महिन्यांच्या आत थेट घर दिल्यास एक महिन्याचे भाडे देणे बंधनकारक. महाराष्ट्राचा कायदा पकडणारा मी, हे कलम वाचूनही मनावर घेतले नव्हते. जीएसटीसह १८,८८० रुपये भरले. एजन्सी चालू ठेवली असती तर वर्षाचे शुल्क १८,१२५ झाले असते, म्हणजे स्वतंत्र होण्यासाठी आम्ही ७५५ रुपये वर मोजले. हा घाटा एकदाच होणारा आहे असे मी सौ.ला समजावले आहे.

माझे मत असे की, ज्यांचे घर इंदुरात आणि स्वतः पुण्यात, बंगलोरला किंवा परदेशात आहेत, त्यांना ही सेवा घेण्यावाचून फारसा इलाज नाही, आणि भाडेकरू निवडणे, यादी करणे व वसुली या तीन कामांत ती पैसे वसूल करून देते. मात्र मसुदा स्थानिक वकिलाकडून घ्यावा, पोलिसांच्या नोंदीची पावती हाती आल्याशिवाय हिरव्या खुणेवर विसंबू नये, आणि दुरुस्तीची विनापरवानगी मर्यादा पाचशेच्या वर जाऊ देऊ नये. परदेशस्थ मालकांनी आणखी एक विचारावे: अशा मालकाला भाडे देताना भाडेकरूने त्यातून प्राप्तिकर कापून भरायचा असतो, तो कोण भरणार हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावे. आमच्यासारखे त्याच शहरात राहणारे, हिंडतेफिरते निवृत्त असतील, तर भाडेकरू मिळवण्यापुरते अर्ध्या महिन्याचे भाडे द्यावे आणि पुढचे स्वतः करावे. पाचपैकी तीन तारे; चौथा त्या दोन तास घर पाहणाऱ्या मुलासाठी द्यावासा वाटतो, पण तो मुलगा आता तिथे नोकरीला नाही.

सुरुवातीला उल्लेख केलेला वाद किल्लीचा आहे. आम्ही तीन किल्ल्या दिल्या होत्या: एक भाडेकरूंसाठी, दोन एजन्सीकडे. त्या दोनपैकी एकच परत आली. दुसरी ‘शोधत आहोत’ असे चार ईमेलना उत्तर मिळाल्यावर मी दरवाजाचे लॅच बदलून घेतले, १,४५० रुपयांचे बिल त्यांना पाठवले आणि नवी किल्ली भाडेकरूंच्या हाती दिली.